खलास म्हणजे काय

वसंता गेल्याचा फोन सुनंदावहिनींनीच केला. मी रियाधला बँकेत मीटिंगमध्ये होतो. "भावजी, हे उठतच नाहीयेत..." एवढंच बोलल्या. मी अल खर्जला पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. झोपेतच हृदय थांबलं. त्याला आता दीडेक महिना होईल.

वसंत आहेर मूळचा नाशिकचा, अल खर्जच्या एका डेअरीत सेफ्टी इंजिनिअर. हेल्मेट नसेल तर मॅनेजरलाही दारातून परत पाठवायचा. आमच्याकडे जेवायला आला तरी आधी गॅसची नळी तपासणार, मग ताटावर बसणार. मी म्हणायचो, तू वहिनींना सीटबेल्ट लावून झोपवत असशील. अशा माणसाला काही वर्षांपूर्वी बंदुकीचे छर्रे लागावेत, याला काय म्हणायचं?

डेअरीचे मालक शेख, म्हणजे वसंताचे कफील, त्याचा व्हिसा त्यांच्याच सहीवर. बडं प्रस्थ. पेपरात फोटो यायचे, आणि तेव्हा ते पालिकेच्या निवडणुकीला उभे होते. शिकारीचा नाद दांडगा. वाळवंटात तंबू पडले की वसंतालाही आग्रहानं न्यायचे, आणि हा शाकाहारी गडी तिथे खजुरांवर दिवस काढायचा. त्या संध्याकाळी शेख शिकारीहून परतले आणि त्यांनी दुनळी बंदूक वसंताच्या हातात दिली. यानं विचारलं, "खलास?" म्हणजे, काडतुसं संपली ना? शेख म्हणाले, "खलास." म्हणजे, आजच्यापुरतं पुरे, चला. शब्द दोघांचा एकच... जीपमध्ये ठेवताना चाप कुठल्याशा पट्ट्याला अडकला आणि छर्रे वसंताच्या गुडघ्यात गेले.

हॉस्पिटलात मी चिडून विचारलं, उघडून का नाही बघितलीस? तो शांतपणे म्हणाला, "दुसरा कुणी असता तर म्हटलं असतं, उघडून दाखव. कफिलाला कसं म्हणणार?" मला त्याचा भयंकर राग आला. पण खरं सांगायचं तर आमच्यापैकी कुणीच म्हटलं नसतं.

पुढची धास्ती वेगळीच होती. परदेशी माणसानं बंदूक हाताळली म्हणजे तुरुंग, नाहीतर मायदेशी रवानगी. शेखांचे लोक येऊन सांगू लागले, निवडणूक तोंडावर आहे, वसंतानं न विचारता बंदूक उचलली असं म्हणावं, बाकीचं आम्ही बघू. वहिनींनी बॅगा भरायला घेतल्या. आणि शेख स्वतःच पोलिसांकडे गेले. "बंदूक माझी, काडतूस माझं. न उघडता खलास म्हणालो, तोही मीच." निवडणूक ते हरले, त्यामुळेच की काय, देव जाणे. वसंताची नोकरी राहिली. पुढे शेखांच्या तंबूत केवढाही मोठा पाहुणा असो, बंदूक उघडून रिकाम्या नळ्या दाखवल्याशिवाय गाडीत चढत नसे.

अंत्यसंस्कार नाशिकला झाले. वहिनी घर आवरायला अल खर्जला परत आल्या, तेव्हा शेख भेटायला आले. फार थकलेले दिसले. समोरचा कावा, म्हणजे अरबी कॉफी, तसाच ठेवून मला अरबीत म्हणाले, "विचार तिला... गुडघा शेवटपर्यंत दुखत होता का?"

मी वहिनींना सांगितलं. त्यांनी आतल्या खोलीकडे पाहिलं. तिथे कपाटात देव असत आणि कपाटासमोर वसंताची खुर्ची. मांडी घालता येत नसे, म्हणून पूजा त्या खुर्चीवर बसून. थंडीत तर बिचारा पाय शेकत बसायचा.

"नाही म्हणून सांगा," वहिनी म्हणाल्या.

मी तसं सांगितलं. शेखांनी डोळे मिटले आणि देवाचे आभार मानले. ते गेल्यावर वहिनींनी कपाट उघडलं आणि दिवा लावायला जमिनीवर बसल्या. खुर्ची त्यांनी हलवली नाही.