मामाच्या फॉर्मवर मी लिहिलेलं 'नाही'

माझा मामा काल दुपारी गेला, आणि त्यात माझाही हात आहे.

दारूने गेला, असं सगळे म्हणतायत. लिव्हर संपलं होतं, हे खरंच.
पण मामा मजा म्हणून पीत नव्हता. झोप लागावी म्हणून प्यायचा.

मामा म्हणजे रिटायर्ड हवालदार, मूळचा साताऱ्याकडचा. फौज सुटल्यावर इकडे तमिळ मुलखात, श्रीपेरुंबुदूरच्या एका प्लांटमध्ये सिक्युरिटी सुपरवायझर झाला. तो आणि मामी वेलचेरीत आमच्याच बिल्डिंगमध्ये राहायचे.

कंपनीच्या बसमध्ये त्याची कायम शेवटची सीट. पाठीमागे कुणी बसलेलं त्याला चालायचं नाही.
डोळा लागला की बर्फातली एक पोस्ट दिसायची, आणि तिथेच राहून गेलेला त्याचा जोडीदार. यापलीकडे त्याने कधी काही सांगितलं नाही.

(आज बिल्डिंगच्या ग्रुपवर हात जोडलेले इमोजी टाकताय ना? मिलिटरी कॅन्टीनच्या रमसाठी तुम्हीच "हवालदारसाहेब, हवालदारसाहेब" करत त्याच्या दारात यायचात. विसरले नाहीये मी.)

वर्षभर त्याला घेऊन वणवण केली.

मनाच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आणि बजावलं, "मुदल्ल कुडिय निरुत्तुंगो." आधी पिणं थांबवा, मग पुढचं बघू.

म्हणून व्यसनमुक्ती केंद्रात गेलो. तिथे मी फॉर्मवर खरं ते लिहिलं. मॅडम म्हणाल्या, "सॉरी, मानसिक आजाराचे पेशंट आम्ही घेत नाही. आधी त्याची ट्रीटमेंट पूर्ण करा."

मामा बाकावर ताठ बसून ऐकत होता. मला म्हणाला, "ह्यांचं एकदा काय ते ठरू दे की."

दुसऱ्या केंद्रात मी शहाणपणा केला.

फॉर्म तमिळमध्ये होता, मामाला वाचता येत नव्हता. मानसिक आजार आहे का? मी लिहिलं, नाही.
त्याच्या बॅगेतलं गोळ्यांचं पाकीट काढून माझ्या पर्समध्ये टाकलं.
आणि त्याला दटावलं, "मामा, स्वप्नांचं, झोपेचं इथे कुणापाशी बोलायचं नाही. बोललास तर घरी पाठवतील."

"बरं," तो म्हणाला.

दीड महिन्याने मामा दारू सोडून बाहेर आला. मामीने अख्ख्या मजल्यावर पेढे वाटले. मीही फोटो टाकला होता, तुमच्यातल्या बऱ्याच जणांनी लाइक केला होता.

फोटोत त्याचे डोळे किती खोल गेलेत, ते मला काल दिसलं.

आठ दिवसांत तो पुन्हा प्यायला लागला. आधीपेक्षा जास्त.

शेवटच्या हॉस्पिटलमधल्या डॉक्टरांनी विचारलं, "गोळ्या अचानक का बंद केल्या? दोन्ही एकत्रच ट्रीट करायला हवं होतं."
मला तमिळ येतं, इंग्लिश येतं. तेव्हा एकाही भाषेत तोंड उघडलं नाही.

तुमच्या घरी असं कुणी असेल तर दोन्ही सांगा. काही लपवू नका.
मग तुम्हाला कुठे घेतील, ते मात्र मला माहीत नाही. खरंच माहीत नाही.

परवा मामा थोडा शुद्धीवर होता. मी रडत विचारलं, "मामा, त्या सेंटरमध्ये एकदा तरी सांगायचंस रे कुणाला, झोप येत नाही म्हणून."

"रोज सकाळी इचारायचे की. मी म्हणायचो, गुड सर."

"अरे, पण का?"

"तूच म्हणालीस न्हवं, बोलायचं न्हाई म्हणून?"

आणि हसला. सांगितलेलं काम चोख केल्यासारखा.

श्रद्धांजली मला अजून लिहवत नाही.
मामा, माझं चुकलं.