काठावरचा ढीग

हर्सूल तलावाच्या काठावर वाळत घातलेली जलपर्णी मी कचरा समजून पुन्हा पाण्यात ढकलली. फिरायच्या वाटेवर तिचा वास यायचा. वाट स्वच्छ केल्याचं मला समाधानही वाटलं.

ती काढणारा मासेमार मला रोज दिसायचा. फुगवलेल्या ट्यूबवर पालथा पडून तो जलपर्णी मुळासकट ओढायचा, काठावर पसरायचा आणि ओल्या मनगटानं कपाळ पुसायचा. जाळं टाकण्यापुरतं पाणी त्याला मोकळं हवं होतं.

आठवडाभरात ती जलपर्णी पुन्हा तरारली आणि तेवढं पाणीही झाकून गेलं. तो काठावर उकिडवा बसला होता.

"वाळली असती तर मेली असती," तो मला म्हणाला. "कुणीतरी लई मेहनती माणूस येऊन गेला बघा, साहेब."

तो हसला. मीही हसलो आणि घरी आलो. त्या हसण्याची लाज दिवसभर टोचत राहिली.

दुसऱ्या सकाळी तो ट्यूबमध्ये हवा भरत होता. मी चपला काढून त्याच्याजवळ गेलो.

"दादा, तो मेहनती माणूस मीच. चुकलो. आणि काल तुमच्यासोबत हसलो, त्याचीही माफी मागतो."