सूरच्या खाडीची तीन चित्रं

त्या प्रसंगाचा विषय निघाला की आजही माझं डोकं तापतं. पोलीस निरीक्षक म्हणून निवृत्त झालो, मुलीकडे मस्कतला अल् खुवैरमध्ये राहायला आलो आणि तिथेही एक चोरी माझ्या गळ्यात पडली.

आमच्या ओळखीत एक चित्रकार होते. पोटासाठी कंपनीत ड्राफ्ट्समन. सुट्टीला गाडी काढून ओमानचे डोंगर आणि खाड्या रंगवायचे. वीस वर्षं रंगवत होते, पण इथल्या मराठी माणसांपलीकडे त्यांना कोणी ओळखत नव्हतं. त्यांचं पहिलं प्रदर्शन शुक्रवारी होतं. बुधवारी सकाळी इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहाच्या खोलीतून सूर या किनाऱ्यावरच्या गावाच्या खाडीची तीन चित्रं नाहीशी झाली.

मंडळाचे सचिव मला घेऊन गेले. "साहेब, किल्ली फक्त रखवालदाराकडे असते. संध्याकाळपर्यंत कबूल झाला नाही तर पोलिसांत देतो."

रखवालदार रत्नागिरीकडचा, पन्नाशीचा. तक्रार झाली असती तर नोकरी आणि व्हिसा दोन्ही गेले असते.

कुलूप शाबूत होतं. चित्रकारांना फोन लावला, तर बंद. कंपनीत विचारलं, तर रजेवर. ज्याचा माल गेला त्याचाच पत्ता नाही.

मग रखवालदाराला समोर बसवलं.

"चित्रं तू चोरलीस?"

"नाय साहेब."

"मग कोणी चोरली?"

"कोणीच नाय."

तासभर हेच. समजावलं, चहा पाजला, आवाज चढवला. तो मान खाली घालून बसून राहिला. असली माणसं मी नोकरीत खूप पाहिली होती. हाच चोर, असं मी सचिवांना सांगून टाकलं.

निघण्याआधी खोलीत पुन्हा एक फेरी मारली. कपाटामागे तीन रिकाम्या चौकटी होत्या आणि त्यांचे खिळे कागदात नीट बांधून ठेवलेले. चोर खिळे जपून ठेवत नाही.

"हे खिळे कोणी काढले?" मी विचारलं.

"चित्रकारसाहेबांनी. मी पक्कड दिली."

"मग मघाशी बोलला का नाहीस?"

"प्रदर्शन तोंडावर आलं म्हणून सचिव आता चित्रांना हात लावू देत नव्हते. म्हणून कोणाला सांगू नको, असा चित्रकारसाहेबांनी माझ्याकडून शब्द घेतला. आणि साहेब, तुम्ही चोरली कोणी ते विचारत होता. चोरली कोणीच नव्हती."

सचिवांना मी तक्रार थांबवायला लावली. गुरुवारी दुपारी चित्रकार उगवले. हाताला ओला रंग, सोबत तिन्ही चित्रं, चेहरा प्रसन्न. "पाण्याचा रंग चुकला होता हो. सूरला जाऊन परत बघून आलो."

मी त्यांना रखवालदारासमोर उभं केलं आणि काय झालं असतं ते सांगितलं. त्यांचा चेहरा उतरला. त्याचा हात धरून त्यांनी माफी मागितली.

त्यांच्यावर मी मनसोक्त चिडलो, पण खरा राग माझा मलाच आला होता. उत्तर खरं की खोटं हे तपासण्यात माझी नोकरीची सगळी वर्षं गेली. आपला प्रश्न बरोबर आहे का, हे मी कधी तपासलंच नाही. त्या माणसाने मला एकही खोटं उत्तर दिलं नव्हतं आणि त्याला चोर ठरवायला मला एक तास पुरला होता.