गार्डकाकांचं ‘बंद करून दाखव’

गार्डकाकांना कुठल्याही गोष्टीचं तोंड बघण्यात रस नव्हता. ते शेपूट बघत. गुढ़ियारीत आमच्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, वरात आली की सगळे नवरदेवाकडे धावायचे आणि काका सगळ्यात मागची जनरेटरची गाडी वळणावरून आत आली का, ते बघत उभे. सगळी नोकरी मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गेलेली. त्या डब्याचा लाल दिवा दिसल्याशिवाय गाडी पूर्ण आली असं स्टेशनवाले मानत नाहीत, हे त्यांनी मला इतक्यांदा सांगितलं होतं की मी हात जोडायची. “इंजिन काय, कोनालेही दिसते,” ते म्हणत. “मागचा डबा पाह्यला का?”

मी बँकेची परीक्षा पास झाले तेव्हा घरोघरी पेढे वाटले. काकांनी त्यांचा पेढा फ्रिजमध्ये ठेवला आणि नेमणुकीचं पत्र आल्यावर खाल्ला. मला असा राग आला होता! पण पेढा मात्र त्यांनी माझ्यासमोर खाल्ला, डोळे पुसत.

अशा माणसाला व्हिडिओ गेमचं वेड लागलं ते नातीपायी. मुलाचं आणि सुनेचं फाटलं, सून पिहूला घेऊन पुण्याला गेली. पोरीला मराठी समजे, उत्तर हिंदीत येई, आणि फोनवर तर ‘हाँ’, ‘ठीक हूँ’ यापलीकडे गाडी सरकत नसे. पण रविवारी दुपारी दोघं आपापल्या घरून एकच खेळ खेळत, शेजारी फोन स्पीकरवर. मग शाळा, मैत्रिणी, मम्मीची बोलणी, सगळं भडाभडा बाहेर यायचं. खेळात एक जंगल पार करायचं असे. पिहू पुढे, काका मागे. दर वळणावर ती ओरडे, “आजोबा, पीछे हो ना?”

“हाव, मागंच हाय,” काका म्हणत. त्या एका तासावर त्यांचा आठवडा निघे.

मे महिन्यात काकांचा खेळायचा सेट, तो कन्सोल, घसरून कूलरच्या पाण्यात पडला आणि संपला. दोन रविवार बुडाले. शनिवारी सकाळी काका माझ्या दारात उभे, हातात फोन. पिहूचा निरोप होता : ‘आप नहीं आ रहे तो मम्मी संडे को ट्यूशन लगा रही है।’ एकदा का ट्यूशन लागली की तो तास गेलाच. काकांचा चेहरा पाहून मी बँकेतून सुट्टी काढली.

नवा सेट मागवायला आठवडा लागणार होता. हातोहात मिळत होते ते वापरलेले, चिप बसवलेले. म्हणजे कंपनीचं कुलूप उघडणारी एक बारीक पट्टी आत डकवलेली असते. मग नकली खेळही चालतात. दुकानदाराने दोन सेट पुढे केले. पहिला झगमगत होता. “ये ले जाओ अंकल, सब गेम भरा हुआ है. बस ऑनलाइन मत ले जाना, कंपनी पकड़ेगी तो सेट हमेशा के लिए बाहर.”

“मले तं ऑनलाइनच न्यायचा हाये,” काका मला म्हणाले. मग दुकानदाराकडे वळून, “बंद करके दिखाओ.”

“चालू है ना अंकल! बंद काहे को करना?”

“सुलाओ मत, स्लीप-वीप नहीं. पूरा बंद करो.”

मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळत होती. मी हळूच म्हटलं, “काका, चांगला तर चालून राहिला.” त्यांनी ऐकलंच नाही. दुकानदाराने चिडून सेट पूर्ण बंद केला आणि पुन्हा बटण दाबलं. पडदा काळा. पुन्हा दाबलं. काळाच. “दूसरी-तीसरी बार में हो जाता है कभी-कभी,” तो म्हणाला.

“गाड़ी कभी-कभी नहीं पहुँचती, भैया. या पहुँचती है, या नहीं.”

दुसऱ्या सेटची चिप वेगळ्या जातीची होती. ती निजवून कन्सोल कंपनीने बनवला तसाच सुरू करता येत होता, म्हणजे ऑनलाइन पकडला जाणार नव्हता. बंद केला, सुरू केला, चालला. पण आधीच्या मालकाने तो चिपसकट ऑनलाइन नेला असेल, कंपनीने आधीच बाहेर काढला असेल तर? ते दुकानदारालाही माहीत नव्हतं. “जोड,” काका म्हणाले. मी माझ्या फोनचं नेट दिलं. पडद्यावर गोल चकरी फिरू लागली. काकांनी माझं मनगट धरलं, इतकं घट्ट की बांगडी रुतली. तिसरा सेट नव्हता, दुसरा शनिवार नव्हता. चकरी थांबली. जोडला गेला! काकांनी माझं मनगट सोडलं, म्हणाले, “आला. मागचा डबा आला.”

रविवारी पिहूचा आवाज गल्लीत ऐकू गेला. ट्यूशन शनिवारवर ढकलली गेली. चिपमधले फुकटचे खेळ काकांनी कधी उघडले नाहीत. “तिले निजू दे,” म्हणायचे.

थंडीत त्यांना दवाखान्यात न्यावं लागलं. जाताना मला म्हणाले, “रविवारी तू जाऊन बस वो. पोट्टी एकटी पुढं जाईन.” मला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. काका परत आले नाहीत.

पुढच्या रविवारी त्यांच्या मुलाने दार उघडून दिलं. मी सेट पूर्ण बंद केला, पुन्हा सुरू केला, मगच जोडला. हात आपोआपच तसे चालले. पिहूला आईने सगळं सांगितलं होतं. ती नुसती जंगलात चालत राहिली. मी मागे, झाडांवर आपटत. मला रडू आवरत नव्हतं आणि फोन स्पीकरवर होता.

पहिलं वळण आलं. पिहू थांबली. मग जन्मात पहिल्यांदा, अडखळत, ती माझ्याशी मराठीत बोलली, “मावशी, तुम्ही मागं हाये न?”

“हाव,” मी म्हटलं. “मागंच हाय.”