पांढरीच्या वाट्याचं हिरवं

गोंदिया वेगळा जिल्हा होऊन काही वर्षं झाली होती. मी भंडाऱ्याला चाऱ्यावरच्या एका प्रकल्पात कंत्राटी संशोधक होते. कंत्राट अकरा महिन्यांचं, तोरा मात्र कायमच्या शास्त्रज्ञाचा. धानाच्या बांध्यांच्या धुऱ्यांवर, म्हणजे भातखाचरांच्या बांधांवर, विहिरीच्या पाण्याने गवत वाढवायचं आणि ते खाऊन गाईचं दूध किती वाढतं ते मोजायचं, हे माझं काम.

भंडाऱ्याकडच्याच शहापूरजवळच्या एका गावात, एका मावशींच्या गोठ्यात मला हव्या तशा दोन गाई मिळाल्या, जवळपास एकाच वयाच्या. तांबडीला धानाचा वाळका पेंढा, म्हणजे तणस, आणि धुऱ्यावरचं हिरवं गवत. पांढरीला नुसती तणस. तिला चरायलाही सोडायचं नाही. फरक कळायचा तर एकीला कमीच मिळायला हवं, हे मी मावशींना समजावलं. त्यांनी मान डोलावली.

तीन आठवड्यांनी पांढरीचंही दूध वाढलं. मी काटा तपासला, वही तपासली, स्वतःच्या अकलेवरही शंका घेतली. मग एका सकाळी नेहमीच्या आधीची एसटी पकडून पोचले, तर मावशी गवताचे दोन सारखे वाटे करत बसलेल्या.

"दोघीबी एकाच गोठ्यातल्या, मॅडम. एकीले हिरवं अन् दुसरीले सुकं, असा पंक्तिप्रपंच मले नाही जमत."

आज त्या बोलण्यापुढे मी हात जोडीन. तेव्हा माझा पारा चढला. "मावशी, आकडे असे आले तर माझी नोकरी जाईल. मी सांगेपर्यंत पांढरीला काडीभरही हिरवं द्यायचं नाही," असं मी अंगणात सगळ्यांदेखत सुनावलं. त्यांनी पांढरीचा वाटा उचलून तांबडीपुढे टाकला. पुढे आकडे हवे तसे यायला लागले आणि मी खूश झाले.

उन्हाळ्याच्या तोंडावर प्रकल्पच गुंडाळला. मुदतवाढ नाही, असं एका ओळीचं पत्र आलं. मी आठवडाभर रडले, चार ठिकाणी अर्ज केले आणि नागपूरला एका शाळेत शिकवायला लागले. गोठ्यात जाऊन "आता संपलं" एवढं सांगायचं राहून गेलं. राहून कसलं जातंय, नोकरी गेली हे सांगायची मला लाज वाटत होती.

पावसाळ्यानंतर एकदाची गेले, तर दावणीला तांबडी एकटीच.

"पांढरी कुठंय, मावशी?"

"जेठाच्या उन्हात गेली. बसली ते उठलीच नाही." त्या तांबडीच्या पाठीवरून हात फिरवत होत्या. "हिरवं दिसलं का लय हंबरे. मी तिच्याकडं पाहतच नव्हती. मी तुमचीच वाट पाहून राहिली होती."

"अहो, द्यायचं होतं ना थोडं!"

"कशी देऊ? तुमीच सांगतलं होतं ना." मग त्यांनी काळजीने विचारलं, "तुमची नोकरी तर वाचली ना, मॅडम?"

मी हो म्हणाले.