पत्त्याच्या दिवसांतली पाहणी

छापून आलेल्या शोधनिबंधात खोट काढणारा मी कोण, असे अजूनही वाटते. आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच. हे लिहिण्याचे धाडस केले, त्याची आधी माफी मागतो.

आमच्या मॅडम दर शनिवारी आरोग्यावरचा एखादा निबंध देत आणि विचारत, "यावर विश्वास ठेवायचा का?" मला मिळालेला नेमका आमच्या धानोऱ्याकडच्या गावांवरचा निघाला. फिरत्या दवाखान्याची गाडी जिथे जाते तिथे आजारी माणसे जास्त, गडचांदूरकडच्या गाडी नसलेल्या गावांत कमी. म्हणून गाडीचा उपयोग नाही, असा निष्कर्ष. त्यावरून गाडी बंद करण्याची चर्चा चालू आहे, असे मॅडम म्हणाल्या. माझी माय बीपीच्या गोळ्या त्याच गाडीतून घेते.

आकडेमोड तपासली, ती बरोबर होती. मग घरोघरी केलेल्या पाहणीची वेळ दिसली. मे महिना, सकाळ. मी घरी फोन लावला.

"माय, मे महिन्यात सकाळी गावात कोण राह्यते वो?"

"कोण राह्यते? सारे तेंदूपत्ता तोडाले जातेत. म्हातारे अन् बिमार तेवढे घरी. काऊन, कॉलेजात जाऊन पत्ता बी इसरला का?"

"ते घरोघरी इचारणारे तुले भेटले होते?"

"भेटले नं. मले चक्कर येत होती, म्हणून घरीच होती. तुये बाबा नाई भेटले त्याईले."

म्हणजे धडधाकट बाबा मोजलेच गेले नव्हते. मी उत्साहाने मॅडमना सांगितले. त्या म्हणाल्या, "पण गोळ्या तुझ्याच आईच्या. तूही एका बाजूला झुकलेला नाहीस ना?"

मग मी दुसरी बाजूही तपासली. गडचांदूरकडच्या वर्गमित्राला विचारले. "आमच्याकडे कुठचा पत्ता? मे महिन्यात शेतं रिकामी, लोक घरीच," तो म्हणाला. तरीही मी जपून लिहिले: गाडी उपयोगी आहे असे यातून ठरत नाही, पण ही तुलना बरोबरीची नाही. मॅडमनी ते निबंधकारांना पाठवले. बरेच दिवस काहीच कळले नाही.

शेवटी मायचाच फोन आला. "आज गाडी आली होती. डॉक्टरीणबाई म्हणे, हिवाळ्यात पुन्हा मोजणार हायेत, संध्याकाळी, सारे घरी असतानी. तोवर गाडी चालू राहीन. गोळ्या भेटल्या मले."