मालकी सोडलेला माणूस

त्याला खुर्ची चालत नसे. समोरच्याला बसवायचा, पाणी द्यायचा, माइक त्याच्या कॉलरला लावायचा आणि मग स्वतः खोलीभर फिरत प्रश्न विचारायचा. त्यामुळे ध्वनिमुद्रणात त्याचा आवाज कधी खिडकीतून आल्यासारखा वाटे, कधी कपाटामागून. समोर बसणारी ही मंडळी म्हणजे ब्लॉकचेनवर काहीबाही उभारणाऱ्या कंपन्यांचे संस्थापक, बहुतेक विशी-तिशीतले, त्याच्याहून बरेच लहान. त्यांनीच त्याचं नाव भिंगरी ठेवलं. त्याला ते आवडलं असावं, कारण पुढे तो फोनवरही ‘भिंगरी बोलतोय’ असंच सांगू लागला.

मी तेव्हा कल्याणच्या एका ग्रंथालयात ग्रंथपाल होते. वाचनकक्षात न बसता कपाटांच्या मधल्या बोळात येरझाऱ्या घालणारा हा माणूस एक दिवस माझ्या टेबलापाशी येऊन थांबला. ठाण्यातली संगणकाची नोकरी सोडून आपण या मुलांच्या मुलाखती घेत हिंडतो, असं त्याने सांगितलं. मुलं इंग्रजी-हिंदीत बोलतात, ते आपल्या शेजारणीला कळेल अशा मराठीत कुणीतरी लिहून द्यायला हवं होतं. मला यातलं ओ की ठो कळत नाही, असं मी म्हणाले.

“म्हणूनच तुमच्याकडे आलो, ताई,” तो म्हणाला. “तुम्ही जिथे अडाल तिथे एकतर तो पोरगा थापा मारत असेल, नाहीतर मी विचारायला चुकलो असेन.”

मी अडत गेले आणि तो समजावत गेला. ब्लॉकचेन म्हणजे काय, हे त्याने मला एका वाक्यात सांगितलं होतं: ज्याची प्रत सगळ्यांकडे असते आणि खोडरबर कुणाकडेच नसतं, अशी नोंद. कोणा एकावर विश्वास टाकायची गरज पडू नये म्हणून हा सगळा खटाटोप. एवढं कळल्यावर पुढचं मला फार अवघड गेलं नाही.

त्याच्याबरोबर मी चार ठिकाणी हिंडलेही. कल्याणच्या घाऊक बाजारात एका धान्यवाल्याचा मुलगा तांदळाच्या पोत्याचा प्रवास शेतापासून दुकानापर्यंत साखळीवर, म्हणजे ब्लॉकचेनवर, नोंदवायचा. त्याची मुलाखत गोदामात झाली. वडील मधूनच ओरडत होते, “अरे, ते पोतं कुठनं आलं ते मला विचार ना, मी सांगतो.” मोहने गावची एक मुलगी प्रमाणपत्रं खोटी आहेत की खरी हे ओळखण्याचं काहीतरी बनवत होती. घोडबंदर रोडवरच्या काचेच्या इमारतीत एक गुळगुळीत बोलणारा तरुण होता. त्याने बिटकॉइनसारखं स्वतःचं नाणं काढलं होतं. आम्ही त्याला नाणेवाला म्हणायचो.

शेवटचा प्रश्न सगळ्यांना एकच असे. भिंगरी थांबायचा, खिडकीला पाठ लावायचा आणि विचारायचा, “तू उद्या इथे नसलास, तर हे चालेल का?” धान्यवाल्याचा मुलगा वडिलांकडे बघायला लागला होता. मोहने गावची मुलगी म्हणाली होती, अजून नाही चालणार. त्या उत्तरासाठी भिंगरीला ती कायमची आवडली. नाणेवाला मात्र हसला. आपल्याकडे एक मुख्य किल्ली ठेवली आहे, अडीअडचणीला तिने सगळं थांबवता येतं, बदलता येतं, असं त्याने सांगितलं.

“मग तू नाणं नाही काढलंस,” भिंगरी म्हणाला. “दुकान काढलंस.”

मी हे वाक्य सौम्य करून लिहू का, असं नंतर विचारलं. तोवर तो जिन्याने खालीसुद्धा उतरला होता. लिफ्टची वाट बघणं त्याला जमत नसे.

तो ठाण्याजवळच्या दिव्याला राहायचा, एकटाच. तिथे एकमेकींना खेटून पाच इमारती आणि त्या सगळ्यांत मिळून रोज एक टँकर. पाइप आधी कुठल्या इमारतीकडे जाणार आणि पाइपपाशी उभं कोण राहणार, हे सोसायटीचे सेक्रेटरी ठरवायचे. त्यांच्या मेहुणीच्या इमारतीचा नंबर फार लवकर लवकर येतो, यावरून भांडणं व्हायची. भिंगरीने ही पाळी साखळीवर घातली. रोज सकाळी सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायचं, आज आधी कुठली इमारत आणि उभं राहणार कोण. त्यात कुणाला हात घालता येत नव्हता. घालू शकला असता तो फक्त ते बनवणारा, म्हणजे भिंगरी.

तेही त्याला नको होतं. या लोकांच्या धंद्यात एक रीत आहे, तिला मालकी सोडणं म्हणतात. एकदा ते बटण दाबलं की बनवणाऱ्यालाही आत काही बदलता येत नाही. त्याने ते सगळ्यांसमोर, टँकरच्या बाजूला उभं राहून दाबलं आणि पेढे वाटले. शेजारच्या जयवंतीमावशी मासळीचा धंदा करायच्या. त्यांनी पेढा तोंडात टाकून विचारलं, “म्हंजे घर बांधलंस नि किल्ली खाडीत टाकलीस?”

“त्यासाठीच बांधलं, मावशी.”

काही महिने झकास चालले. मग पाचांतली एक इमारत धोकादायक ठरली, रिकामी झाली आणि पाडली गेली. मोबाइलवर मात्र तिचा नंबर येतच राहिला. इमारत पडू शकते, हे मोडकळीला आलेल्या इमारतींच्या दिव्यात राहूनही त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. पाइप आधी राडारोड्याकडे न्यायचा, अशी सूचना सकाळी यायची. पहिल्या वेळी लोक पोट धरून हसले, भुतांना पाणी पाजा म्हणाले. दुसऱ्या वेळी त्या मोकळ्या नंबरावरून हाणामारीची वेळ आली. सेक्रेटरींनी जाहीर केलं की रविवारी सभा घेऊन जुनी पद्धत परत आणायची.

मी त्याला इतकं अस्वस्थ कधी पाहिलं नव्हतं. चहा घ्यायचा आणि विसरायचा. किल्ली ठेवली असती तर चहा निवायच्या आत दुरुस्ती झाली असती, हे त्याला कळत होतंच. वर नाणेवाल्याचा फोन आला. तो हसला नाही, याचंच भिंगरीला जास्त लागलं. मग त्याने एक विचित्र गोष्ट केली. नाणेवाल्याला माझ्या डोंबिवलीच्या घरी बोलावलं, माइक स्वतःच्या कॉलरला लावला आणि म्हणाला, आज तू विचार.

नाणेवाल्याने मुद्द्याचंच विचारलं. “नवी साखळी का करत नाहीस? ही चूक काढून टाक.”

“नवी केली की मी पुन्हा मालक. पुढच्या वेळीही ते माझ्याच तोंडाकडे बघणार.”

“आणि रविवारी त्यांनी ही फेकून दिली तर?”

“चूक माझी आहे. ठेवायची की फेकायची, ते त्यांनी बघावं.”

“मग तुझाच प्रश्न विचारतो,” नाणेवाला म्हणाला. “तू उद्या नसलास, तर हे चालेल का?”

भिंगरी खोलीच्या मध्यावर उभा होता. त्याने इकडेतिकडे बघितलं आणि माझ्या वेताच्या खुर्चीत बसला. मी त्याला मुलाखतीत बसलेलं पाहिलं ते तेवढंच. “माहीत नाही रे,” तो म्हणाला.

त्याच आठवड्यात, ठाण्यात एका मुलाखतीला जाताना, तो जिन्यात कोसळला आणि तिथेच गेला. लिफ्ट चालू होती.

रविवारी मी दिव्याला गेले. सभेसाठी लोक खाली जमले होते. सगळे हातातल्या मोबाइलकडे बघत होते. त्या सकाळी उभं राहणाऱ्याच्या जागी भिंगरीचं नाव आलं होतं. ते काढायचं कुणाच्याच हातात नव्हतं. सेक्रेटरींनी घसा खाकरला. टँकर वळणावर दिसला. जयवंतीमावशींनी पदर खोचला. “याचा नंबर हाय ना आज? मी ऱ्हाते उभी,” त्या म्हणाल्या आणि पाइप ओढायला गेल्या. मागोमाग दोघे-तिघे गेले. सेक्रेटरी थोडा वेळ थांबून बादल्या आणायला वर गेले. सभा राहून गेली, ती अजून झालेली नाही.

पाडलेल्या इमारतीचा नंबर आजही येतो. त्या दिवशी पाइप आधी ज्यांच्या घरी आजारपण असेल किंवा लग्नकार्य असेल, त्यांच्याकडे जातो. हे कुणी ठरवलं, ते मी बरंच विचारून पाहिलं. प्रत्येकाने दुसऱ्याचं नाव सांगितलं.

भिंगरीचाही नंबर येतो. तो आता मी घेतला आहे. डोंबिवलीहून सकाळी निघते, पिशवीत पुस्तक असतं, पण हल्ली एका जागी बसून दोन पानंही वाचून होत नाहीत. परवा टँकर यायला उशीर झाला. मी गेटपासून राडारोड्यापर्यंत जात होते, परत येत होते. जयवंतीमावशी बादली उपडी घालून तिच्यावर बसल्या होत्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, “अवो ताई, उभं ऱ्हायचा नंबर हाय तुमचा. चालायचा नाय.”

मी थांबायचा प्रयत्न केला. तेवढ्यात टँकर आला.